बंद पिशवीतलं नशीब



चाकणच्या कंपन्यांमुळे जपान आता आपल्या पिंपरी-चिंचवडला लांब राहिलेलं नाही. कुणाचा भाचा ट्रेनिंगला सहा महिने जाऊन येतो, कुणाचे मिस्टर वर्षातून दोनदा जातात, तर कुणाच्या सोसायटीत जपानी कुटुंब भाड्याने राहतं. जानेवारीत तिकडून परतणाऱ्याच्या बॅगेत कधीकधी लाल-सोनेरी रंगाची एक बंद पिशवी असते. तिच्यात खाऊ असतो, पण कोणता ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिचं नाव फुकुबुकुरो. ‘फुकु’ म्हणजे भाग्य आणि ‘फुकुरो’ म्हणजे पिशवी. दोन्ही शब्द जोडले की ‘फुकुरो’चं ‘बुकुरो’ होतं.

आमच्या स्वाध्याय मंडळात एका ताईंनी विचारलं, “भाच्याने मोठ्या हौसेने ही पिशवी आणली आहे. उघडायला काही हरकत नाही, पण आतलं खायचं की नाही हे ठरवायचं कसं? आणि खायचं नसेल तर त्याचं करायचं काय?” प्रश्न साधा वाटतो, पण तो फक्त जपानी पिशवीपुरता नाही. दिवाळीला कंपनीतून येणारा डबा, लग्नाच्या आमंत्रणाबरोबरचं खोकं, संक्रांतीचं वाण, प्रवचनानंतर हातात पडणारी प्रभावना, या सगळ्यांना तो लागू होतो. म्हणून आज या बंद पिशवीचा इतिहास जरा सविस्तर पाहू.

कापडाच्या तुकड्यांपासून सुरुवात

या पिशवीचं मूळ खाऊच्या दुकानात नाही, कापडाच्या दुकानात आहे. १६७३ मध्ये मित्सुई ताकातोशी नावाच्या व्यापाऱ्याने एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ‘एचिगोया’ ही कापडाची पेढी काढली. त्याची आई शुहो ही मात्सुसाका गावात गहाणवटीचं आणि मिसोचं दुकान स्वतः चालवणारी, काटकसरीसाठी ओळखली जाणारी बाई. मित्सुई घराण्याच्या इतिहासात तिचं नाव आदराने घेतात.

तोपर्यंत मोठे कापडवाले श्रीमंतांच्या घरी जाऊन माल दाखवत, भाव माणूस बघून सांगत, पैसे सणावारी वसूल करत आणि कापड अख्ख्या ताग्यानेच विकत. एचिगोयाने ही रीत मोडली. दुकानात या, लिहिलेला भाव द्या, रोख पैसे द्या आणि हवं तेवढंच कापड फाडून घेऊन जा. सामान्य घरातल्या बायकांची यामुळे मोठी सोय झाली. पण ताग्यातून मापाने कापड फाडायचं म्हटलं की शेवटी तुकडे उरणारच. आपल्याकडेही कापडवाल्याच्या दुकानात ब्लाउजपीसच्या मापाला कमी पडणाऱ्या तुकड्यांचा ढीग असतोच की!

जपानी व्यापाऱ्यांचा एबिसु नावाचा देव आहे. त्यांच्या सात भाग्यदेवतांपैकी हा एक. त्याच्या उत्सवाच्या सुमाराला एचिगोयात हे तुकडे पिशवीत भरून स्वस्तात विकत आणि त्या पिशवीला ‘एबिसु-बुकुरो’ म्हणत. याच सात देवतांमध्ये होतेई नावाचा ढेरपोट्या, हसरा देव आहे. त्याच्या खांद्यावर कायम कापडी झोळी असते. आपल्या दुकानांच्या गल्ल्यावर ठेवलेला ‘लाफिंग बुद्ध’ तो हाच. म्हणजे भाग्याची पिशवी त्या समाजाच्या मनात आधीपासून होती, व्यापाऱ्याने तिच्यात उरलेला माल भरला. ‘उरलेल्यात भाग्य असतं’ अशा अर्थाची एक म्हणही जपानीत आहे.

पुढे १८७३ मध्ये जपानने इंग्रजी कॅलेंडर स्वीकारलं आणि नवं वर्ष १ जानेवारीला आलं. वर्षाची पहिली विक्री, त्यांच्या भाषेत ‘हात्सुउरी’, हा व्यापाऱ्यांचा मुहूर्त ठरला. आपल्या पाडव्याच्या वहीपूजनानंतर पहिलं गिऱ्हाईक जसं महत्त्वाचं, तसंच हे. १९०७ मध्ये टोकियोच्या त्सुरुया या पेढीने, म्हणजे आजच्या मात्सुयाने, भाग्याच्या पिशव्या काढल्या. १९११ मध्ये इतो या कापडपेढीने, म्हणजे पुढच्या मात्सुझाकायाने, ‘खजिन्याची पेटी’ या नावाने ५० सेनला, म्हणजे अर्ध्या येनला, बंद खोकी विकली. जुन्या कापडपेढ्यांची हळूहळू बहुमजली दुकानं झाली. एचिगोयाचंही १९०४ मध्ये मित्सुकोशी झालं. नव्या वर्षाला दारात रांग लावून बंद पिशवी घ्यायची ही रीत या दुकानांनी देशभर पोचवली.

पिशवीत खाऊ कसा आला

कपड्यांच्या पिशवीत एक अडचण असते. माप चुकतं, रंग आवडत नाही. खाण्याच्या वस्तूला माप लागत नाही आणि घरात चार माणसं असली तर कुणीतरी खाऊन टाकतंच. म्हणून चहावाले, कॉफीवाले, बिस्किटं-वेफर्सवाले, डोनटवाले असे सगळे या रिवाजात उतरले. लुपिसिया ही चहाची कंपनी तर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात अशा दोन्ही मोसमांत चहाच्या पिशव्या काढते. कॅल्डी कॉफी फार्मच्या कॉफीच्या आणि खाद्यपदार्थांच्या पिशव्यांना एवढी मागणी असते की त्यासाठी सोडत काढतात. मिस्टर डोनटच्या पिशवीत डोनट नसतातच. नंतर दुकानात देऊन डोनट घ्यायचे कार्ड आणि काही वस्तू असतात. स्टारबक्सच्या जपानी दुकानांपुढे पूर्वी पहाटेपासून रांगा लागत, नंतर तिथेही ऑनलाइन सोडत आली.

व्यापाऱ्याचं गणित सरळ आहे. पिशवीवर लिहिलेल्या किमतीपेक्षा आतल्या मालाची किंमत जास्त असते, त्यामुळे गिऱ्हाईक खूश. मोसम संपलेला, पाकीट बदललेला, गोदामात पडून राहिलेला माल एका दिवसात हलतो, त्यामुळे दुकानदारही खूश. पण कुणी नुसताच न खपणारा माल कोंबला तर लोक नावं ठेवतात. अशा पिशवीला जपानी लोकांनी ‘उत्सु-बुकुरो’ असं नाव ठेवलं आहे, म्हणजे मन खट्टू करणारी पिशवी!

आणि या इतिहासातली सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. गेल्या काही वर्षांत तिथल्या बऱ्याच दुकानांनी पिशवीत काय आहे ते आधीच जाहीर करायला सुरुवात केली. काही पिशव्या पारदर्शक झाल्या, काहींची यादी छापून येते. भाग्याची पिशवी ज्या देशाची, तिथल्याच गिऱ्हाइकाने म्हटलं की गंमत ठीक आहे, पण आत काय ते कळू द्या.

आपल्याकडच्या बंद पिशव्या

आपल्याकडे नशिबाची पिशवी विकण्याची अशी मोठी प्रथा नाही, पण मोसमाप्रमाणे खाऊ बांधून देण्याची प्रथा मात्र घरोघर आहे.

संक्रांतीचंच घ्या. शेजारच्या मराठी घरांत सुगडं पूजतात. मातीच्या त्या छोट्या बोळक्यांत उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, तीळ आणि गाजराचे तुकडे भरतात. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि वाण लुटलं जातं. ‘लुटणं’ हा शब्द किती छान आहे! देणारी स्वतःच म्हणते, लुटा. लहान मुलाच्या बोरनहाणात चुरमुरे, लाह्या, बोरं, गोळ्या डोक्यावरून ओततात आणि पोरं ती गोळा करायला झेपावतात. आपण यात आनंदाने जातो. सुगडातलं गाजर आपलं नाही हे आपल्याला दिसतं, कारण सुगड उघडं असतं. ते बाजूला ठेवायला कुणाला विचारावं लागत नाही.

पिंपरीची खास पिशवी म्हणजे कंपनीचा दिवाळीचा डबा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागे शेकडो छोटे-मोठे कारखाने आले. १९६५ च्या बोनस कायद्याने कामगाराला बोनस हक्काचा झाला. आज तो कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के असतो. बोनस कायद्याचा, मिठाईचा डबा मात्र रिवाजाचा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळची शिफ्ट सुटली की डबे घेतलेल्या माणसांनी बसथांबे भरून जायचे. त्या डब्याची वाट पाहण्यात अख्खी एक पिढी मोठी झाली. आता डब्याची जागा सुक्या मेव्याच्या, चॉकलेटच्या, बिस्किटांच्या खोक्याने घेतली आहे.

२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनेही एक पिशवी काढली, ‘आनंदाचा शिधा’. पात्र रेशनकार्डधारकांना १०० रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी १ किलो आणि १ लिटर पामतेल. यात नशिबाचा भाग नव्हता. वस्तू आणि वजनं आधीच जाहीर होती, म्हणून घरातल्या बाईला हिशोब करता येत होता की यात करंज्या किती होतील आणि लाडू किती.

आणि आपली स्वतःची प्रभावना. हा शब्द मुळात केवढा मोठा आहे! सम्यक्त्वाच्या आठ अंगांतलं शेवटचं अंग प्रभावना. धर्माचा प्रभाव वाढेल असं काही करणं, मग ते ज्ञानाने असो, तपाने असो की दानाने. प्रवचनाला आलेल्यांना बताशे, साखर, श्रीफळ वाटणं हे त्याचं एक छोटं रूप. हळूहळू बोलण्यात त्या पुडीचंच नाव प्रभावना पडलं. “आज प्रभावना काय होती गं?” असं आपण विचारतो तेव्हा उत्तर ‘पेढा’ किंवा ‘स्टीलची वाटी’ असं येतं! बताशा हातावर पडायचा तेव्हा तो काय आहे हे विचारायची गरज नव्हती. आता प्रभावनेतही चकचकीत पाकीट येतं. म्हणून ताईंचा प्रश्न स्थानकापर्यंत आणि मंदिरापर्यंत येऊन पोचतो.

अज्ञात फळ

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार पाकिटं नव्हती तेव्हाच करून ठेवला आहे. बावीस अभक्ष्यांची यादी आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केली. त्यात कंदमूळ, मध, लोणी, रात्रीभोजन ही नावं सगळ्यांना आठवतात. पण त्यात ‘अज्ञात फळ’ही आहे. जे ओळखीचं नाही, ज्याचं नाव-गुण ठाऊक नाही, ते खाऊ नये.

वंकचूलची कथा आठवते ना? राजपुत्र असून चोरांचा नायक झालेला. चातुर्मासात त्याच्या पल्लीत आचार्य राहिले, पण उपदेश करायचा नाही या अटीवर. निघताना वंकचूल त्यांना पोचवायला गेला तेव्हा त्यांनी त्याला चार छोटे नियम दिले. पहिला होता, नाव माहीत नसलेलं फळ खायचं नाही. पुढे जंगलात सगळे भुकेने व्याकूळ झाले, सुंदर पिकलेली फळं दिसली. वंकचूलने विचारलं, याचं नाव काय? कुणालाच सांगता येईना. तो उपाशी राहिला, बाकीच्यांनी खाल्लं. ती विषारी किंपाक फळं होती, खाणारे उठले नाहीत.

पाठशाळेत आपण ही कथा नियमाचा महिमा म्हणून ऐकली. आज स्वयंपाकघरात उभं राहून वाचली की तिच्यातला दुसरा अर्थही दिसतो. वंकचूलने फळाला नाव ठेवलं नाही, आणणाऱ्याला दोष दिला नाही. त्याने फक्त एक प्रश्न विचारला आणि उत्तर मिळेना म्हणून हात आवरला. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचणारी बाई नेमकं हेच करत असते. तिला घरातले हसतात, “झालं का तुझं संशोधन?” हसू द्या.

बावीसांतलं दुसरं एक नाव म्हणजे ‘चलितरस’, म्हणजे ज्याचा रस, वास, चव पालटली ते. त्यासाठी मुदतीही आखून दिल्या आहेत. कोरड्या पक्वान्नांना कार्तिक पौर्णिमेपासून फाल्गुन चतुर्दशीपर्यंत ३० दिवस, फाल्गुन पौर्णिमेपासून आषाढ चतुर्दशीपर्यंत २० दिवस आणि आषाढ पौर्णिमेपासून कार्तिक चतुर्दशीपर्यंत १५ दिवस. ओलसर, माव्याच्या मिठाईला एवढीही मुदत नाही. दिवाळी येते ती पंधरा दिवसांच्या काळात, हे लक्षात घ्या. म्हणजे कंपनीच्या डब्यातली मिठाई देवदिवाळीपर्यंत पुरवून पुरवून खाण्याचा प्रश्नच येत नाही. देशाच्या कायद्याला हे सुचायला वेळ लागला. मिठाईवाल्याने सुट्या मिठाईच्या ट्रेपुढेही ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावायची, हा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला.

डब्याचं झाकण कसं उघडलं

आत काय आहे हे कळण्याचा हक्क आपल्याला आपोआप मिळालेला नाही.

वर्खाचंच बघा. काजूकतलीवर, पेढ्यावर, एवढंच नाही तर भगवंताच्या आंगीसाठीही चांदीचा वर्ख पिढ्यान्पिढ्या वापरला गेला. तो इतका पातळ करण्यासाठी चांदीचे तुकडे जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या पापुद्र्यांच्या थप्पीत ठेवून हातोडीने कुटत, हे कुणाला ठाऊक होतं? हे लोकांसमोर आणण्यात आपल्या पुण्यातल्या संस्थेचा मोठा वाटा आहे. ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेचं भारतातलं काम १९७४ मध्ये डायना रत्नागर यांनी पुण्यात सुरू केलं. वर्ख कसा बनतो, कोणत्या वस्तूत प्राण्यांचं काय मिसळलेलं असतं, याची माहिती ही संस्था वर्षानुवर्षं गोळा करून छापत आली. अनेक जैन संघांनीही वर्ख बंद केला. शेवटी २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अधिसूचना काढली, की खाण्याच्या चांदीच्या वर्खासाठी कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरता येणार नाही. आता यंत्रावर केलेला वर्ख मिळतो. तरी मिठाईवाल्याला विचारून घेतलेलं बरं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे हिरवा ठिपका. आपल्या मुलींना वाटतं तो कायमच होता. तसं नाही. पाकिटावर मांसाहाराची खूण ऑक्टोबर २००१ पासून आणि शाकाहाराची हिरवी खूण जून २००२ पासून सक्तीची झाली. त्याआधी बिस्किटात अंडं आहे की नाही, हे कंपनीने लिहिलं तर कळायचं. २०२० च्या नव्या नियमांनी मांसाहाराच्या खुणेचा तपकिरी गोल बदलून त्रिकोण केला, कारण रंग न ओळखता येणाऱ्यांना दोन्ही गोल सारखेच दिसत.

तिसरी गोष्ट डिसेंबर २०२१ ची. ‘राम गौ रक्षा दल’ या संस्थेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की पदार्थातला प्रत्येक घटक वनस्पतीपासून आला, प्राण्यापासून आला की प्रयोगशाळेत तयार झाला, हे उघड झालं पाहिजे. प्रमाण कितीही कमी असो, नुसता आकडा लिहून भागणार नाही. या प्रकरणात ज्याची चर्चा झाली तो आयएनएस ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. नूडल्स आणि वेफर्सची चव वाढवायला तो वापरतात. तो मासा-मांसापासूनही होतो आणि साबुकंदासारख्या पिष्टमय पदार्थापासूनही.

पण मैत्रिणींनो, हिरवा ठिपका म्हणजे ‘जैन’ नव्हे. कायद्याच्या मांसाहाराच्या व्याख्येतून दूध वगळलं आहे हे ठीकच, पण मध, मेण आणि शेलॅकही वगळलं आहे. मध आपल्या चार महाविगयींपैकी एक, तरी मध घातलेल्या ओट्सच्या पाकिटावर हिरवा ठिपकाच असणार. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर तिचा लेप असतो आणि पाकिटावर आयएनएस ९०४ लिहिलेलं असतं. बटाटा, कांदा, लसूण, आलं यांना तर ठिपका हिरवाच. म्हणजे ठिपका हा उंबरठा आहे, त्याच्या आत आल्यावर घटकांची यादी वाचायचीच.

आता ती जपानी पिशवी

जपानी पाकिटावर अशी सक्तीची शाकाहारी खूण नाही. तिथे सक्ती आहे ती ॲलर्जीच्या वस्तू लिहिण्याची. गहू, बकव्हीट, अंडं, दूध, शेंगदाणा, झिंगे आणि खेकडा या सात, आणि २०२३ मध्ये अक्रोड धरून आठ. याचा आपल्याला अर्धाच उपयोग. अंडं, झिंगे आणि खेकडा कळतात, पण कोंबडीचा, डुकराचा किंवा माशाचा अर्क या आठांत नाही. तो घटकांच्या यादीत शोधावा लागतो.

मोबाइलचा कॅमेरा धरला की भाषांतर येतं, पण ते ढोबळ असतं. म्हणून काही शब्द कानावर असू द्या, आणणाऱ्याला विचारताना उपयोगी पडतात. तामागो म्हणजे अंडं. निकु म्हणजे मांस. कात्सुओ हा मासा, त्याचा सुकवलेला कीस तिकडे आपल्या जिरे-मोहरीइतका रोजचा. एबी म्हणजे झिंगा, कानी म्हणजे खेकडा. झेराचिन म्हणजे जिलेटिन, ते चिवट गोळ्यांत आणि जेलीत असतं. रादो म्हणजे डुकराची चरबी. ‘एकिसु’ म्हणजे अर्क, त्याच्या आधी कोणता शब्द आहे ते पाहायचं. साध्या मिठाच्या वाटणाऱ्या बटाटा वेफर्समध्येही असे अर्क असू शकतात. बटाटा आपल्याला नकोच असतो, पण मुलं म्हणतात “एवढं काय, मीठच तर आहे,” तेव्हा हे सांगता येतं.

याचा अर्थ जपानात सगळंच असं आहे, असं मुळीच नाही. तिथल्या बौद्ध मठांत ‘शोजिन’ नावाचा स्वयंपाक आहे. त्यात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. अळंबी मात्र असते, म्हणून तोही डोळे मिटून घ्यायचा नाही. पण जिभेवर लगाम ठेवण्याचा विचार त्या देशातही रुजलेला आहे, एवढं आपण मनात ठेवावं. साधा हिरवा चहा, भाजलेल्या तांदळाचा चहा किंवा लाल चवळीसारख्या अझुकीची आणि साखरेची मिठाई अशा वस्तू पिशवीत निघाल्या, तर यादी वाचून खुशाल घ्या.

जे आपलं नाही त्याचं काय करायचं

ताईंच्या प्रश्नाचा हा भाग सगळ्यात अवघड. फेकून द्यावं तर अन्नाची नासाडी आणि देणाऱ्याच्या भावनेचा अनादर. कामवाल्या मावशींना द्यावं तर मनात येतं, करणं, करवणं आणि अनुमोदणं या तिघांत ‘करवणं’ झालंच की. शिवाय आपल्याला नको ते गरिबाला देणं याला दान म्हणता येत नाही.

यावर महाराज साहेबांकडून ज्या परंपरेत जसं सांगितलं जातं तसं आपापल्या घरी पाळावं. मला व्यवहारात पटलेला मार्ग असा, की वस्तू ज्याने आणली त्यालाच स्पष्ट आणि प्रेमाने परत द्यावी. “तू आठवणीने आणलंस, फार बरं वाटलं. यातलं एवढं आम्हाला चालतं, ते ठेवून घेते. बाकीचं तू घेऊन जा.” भाचा असो की कंपनीतला जपानी साहेब, कुणालाही यात अपमान वाटायचं कारण नाही. गप्प बसून पिशवी कपाटात ठेवली, तर पुढच्या जानेवारीत तो तीच पिशवी दुप्पट आकाराची आणेल! एकदा सांगितलं की पुढच्या वेळी तो दुकानात आपली आठवण काढून यादी वाचतो. आपल्यामुळे आणखी एक माणूस वाचायला शिकला, तर ‘प्रभावना’ शब्दाचा मूळ अर्थ थोडा तरी साधला.

आणि बंद पिशवीच्या दुसऱ्या बाजूलाही आपण असतो. वाण आपण भरतो, प्रभावनेचं पाकीट आपण निवडतो, दिवाळीचा डबा शेजारी आपण पाठवतो. त्यासाठी एवढं तरी करू या. पाकिटात काय आहे आणि केव्हा केलं आहे, याची चिठ्ठी लावू या. घटक माहीत नसलेली तयार खोकी मोठ्या संख्येने घेण्यापेक्षा खडीसाखर, मनुका, बदाम, शेंगदाण्याची चिक्की अशा नावानेच ओळखू येणाऱ्या वस्तू देऊ या. मघाशी सांगितलेल्या पंधरा, वीस आणि तीस दिवसांच्या मुदती पाहून तेवढंच करू या. आणि उरलेला, न खपणारा, घरात नको झालेला माल ‘भाग्य’ म्हणून दुसऱ्याच्या हातात ठेवायचा नाही. एचिगोयाच्या पिशवीत तुकडे होते हे घेणाऱ्याला आधीच ठाऊक असायचं, म्हणून तो व्यवहार चोख होता.

तुमच्या घरी आलेल्या बंद पिशव्यांत काय निघालं, त्याचं तुम्ही काय केलंत, आणि तुमच्या संघात प्रभावनेसाठी काही नियम केले असतील तर तेही जरूर कळवा. पर्युषणाच्या आधी ते सगळं एकत्र करून मंडळापुढे ठेवता येईल.

जय जिनेंद्र!